बांधावरची चार अंडी

मानोरा,
२२ मे

प्रिय मारोती,

रविवारी घरी नीट पोहोचलो. बस वेळेवर आली यावर बायकोचा, हाजराबीचा, अजून विश्वास बसलेला नाही. तुझ्या सूनबाईनं, वर्षाराणीनं, बांधून दिलेल्या कुरडया तिला आवडल्या. तिला आवडलेली गोष्ट ती सहसा बोलून दाखवत नाही, म्हणून मी मुद्दाम कळवतो आहे.

समोरचं ऐकू येतं, पण फोनवर तुझ्या कानानं दगा दिला, तेव्हापासून आपला फोन बंद झाला आणि पत्रं सुरू झाली, त्याला चार वर्षं झाली. खरं सांगू, मला हे बरं वाटतं. दिवसभर फवारणीच्या पंपांचे वॉशर बदलायचे आणि नोझल साफ करायचे, यात माणूस गंजून जातो. तुझं पत्र आलं की दुकान थोडं मोठं वाटतं. रानातला रोही रोज फिरून त्याच जागी लेंड्या टाकतो हे तू लिहिलंस, ते मी तीन गिऱ्हाइकांना सांगितलं. दोघांना माहीत होतं आणि तिसऱ्याला घाई होती.

आता कामाचं. अकोल्याच्या एका दिवाळी अंकानं माझ्याकडे कथा मागितली आहे. मागितली म्हणजे मी विचारलं आणि ते नाही म्हणाले नाहीत. विम्याच्या जुन्या डायऱ्यांत माझ्या बावीस कथा पडून आहेत आणि छापून आलेली फक्त एक. ही दुसरी झाली तर मानोऱ्यात लोक मला पंपवाल्याच्या जोडीनं लेखकही म्हणतील. कथेत एक म्हातारी आहे आणि एक टिटवी. पण गाडी एका जागी अडली आहे. टिटवी अंडी ओळखते की जागा ओळखते? कोणी अंडी दुसरीकडे नेली तर ती मागे जाईल का?

परवा तू डिझेल आणायला गावात गेलास तेव्हा तुझ्या शेतातल्या नाल्यात, रेतीवर एक टिटवी बसलेली दिसली. मी लांबूनच पाहिली. तुझी प्रयागआत्या टिटवीवरून काहीतरी सांगते असं पूर्वी एकदा बोलला होतास. ते नेमकं काय, सविस्तर लिही.

तुझा,
रऊफ

*

इंझोरी,
३० मे

रऊफमियाँ, राम राम.

लेखक झालास की आम्हाला ओळख दाखव. माझा पंप गळतो आहे, तो आताच फुकटात करून घेतो.

आत्याचं सांगतो. तिचं वय ब्याऐंशी. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हापासून ती याच घरात आहे. शेतातलं मला जे काही येतं ते बापानं कमी आणि तिनं जास्त शिकवलं. रोहिणी नक्षत्र लागलं की ती टिटवीचं घरटं शोधते. घरटं कसलं, जमिनीत जरासा खळगा आणि भोवती बारीक खडे. टिटवीनं नाल्याच्या पात्रात अंडी घातली असली तर पाणी उशिरा आणि थोडं. बांधावर, उंचावर घातली असली तर पाणी भरपूर. चार अंडी म्हणजे चारही महिने.

हे ती मृगाच्या दिवशी पारावर बसून सांगते. त्यावरून अर्धं गाव ठरवतं की आधी वरची मुरमाड जमीन पेरायची की खालची काळी. पाणी भरपूर होणार असलं तर काळी पाणी धरून चिबडते, म्हणून मुरमाड आधी. पाणी कमी असलं तर मुरमाडाला कोणी हात लावत नाही. तू हसशील. पोरं मोबाईलवर हवामान बघतात आणि मग हळूच आत्याला विचारायला येतात. चाळीस वर्षांत तिचं फारसं चुकलेलं नाही. तिच्याजवळ सोनं नाही, शेत नाही, मूलबाळ नाही, पण मृगाच्या दिवशी सगळं गाव तिच्यासमोर बसलेलं असतं.

यंदाही आत्यानं पाहून घेतलं. घरटं आपल्याच बांधावर आहे आणि अंडी चार. गाव खूश आहे. तुझी नाल्यातली टिटवी नुसती पाण्याला आली असेल.

तुझा प्रश्न मी आत्याला विचारला. ती म्हणाली, "त्याले म्हना, बसून पाह्य. आपसूक कळते."

मारोती

*

मानोरा,
१२ जून

प्रिय मारोती,

तुझं तीस तारखेचं पत्र काल हाती आलं. आमचा पोस्टमन लग्नाला गेला होता. त्यामुळे मृगाच्या दिवसाआधी तुला काही लिहिता आलं नाही. तसं लिहिण्यासारखं काही नव्हतंही.

मी पाहिलेली टिटवी दुसरीच असणार. ती नुसती उभी होती.

दुकानात गर्दी आहे. पेरणीआधी सगळ्यांना पंप आठवतात. कथा जवळजवळ झाली आहे. आत्याबाईंना सलाम सांग.

रऊफ

*

इंझोरी,
६ जुलै

रऊफ,

तुला वाटत असेल की मी पत्र लिहायला विसरलो. विसरलो नाही, लिहावंसं वाटलं नाही.

मृगाच्या दिवशी आत्या पारावर बसली आणि म्हणाली की पाणी चांगलं आहे, मुरमाड उघडा. दोन दिवसांनी एक सर आली तेव्हा अकरा घरांनी मुरमाड पेरली. मीही पेरली. कोंब वर आले आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं. सोयाबीन जागच्या जागी जळालं. ज्यांनी आत्याचं ऐकलं नाही आणि खालची काळी पेरली, त्यांचं आता वीतभर उभं आहे. आम्ही सगळे दुबार पेरणीला उभे आहोत.

पेरणी दुसऱ्यांदाही करता येते, त्याचं मला एवढं नाही. पण गावाचं तोंड फिरलं. तांड्यावरच्या दौलतसिंगचीही मुरमाड गेली. तो पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मोतीबिंदू बुढीले झाला का टिटवीले?" लोक हसले. आता आत्या दारात दिसली की पोरं टिटवीसारखी ओरडतात. तिनं ओट्यावर बसणं सोडलं आहे. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असते. परवा शेजारची एक बाई नेहमीसारखं काही विचारायला आली, तर आत्या म्हणाली, "मले आता काही इचारू नका. मले काही समजत नाही." चाळीस वर्षांत असं बोलणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

बांधावरची अंडी फुटली नाहीत. चारही सडली. असं का झालं ते तिलाही सांगता येत नाही.

मारोती

*

मानोरा,
१४ जुलै

प्रिय मारोती,

तुझं पत्र वाचलं. फार वाईट वाटलं. दुकानात तुमच्याकडची माणसं येतात, त्यांच्याकडून थोडं कानावर आलंच होतं. दौलतसिंगनं असं बोलायला नको होतं.

मला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून जे लिहून झालं आहे ते पाठवतो. सोबत कथा आहे. अंकाकडेही एक प्रत गेली. शेवट बदलला. आता त्यात टिटवीची पारख करणारी म्हातारी आहे आणि तिचा एक भाचा आहे. तिचे पाय चालत नाहीत, म्हणून ती भाच्याला घरटं बघायला पाठवते. भाचा आळशी. तो मोटारसायकलवरून लांबूनच नजर टाकतो आणि घरी येऊन काहीतरी ठोकून देतो. म्हातारीची इभ्रत जाते. मला वाटलं की गोष्टीत कोणीतरी चुकलेलं असायला हवं, त्याशिवाय ती उभी राहत नाही.

आपल्या ओळखीचं त्यात कोणी नाही. वाचून कशी वाटली ते कळव.

रऊफ

*

इंझोरी,
२१ जुलै

रऊफ,

तुला हे कोणी सांगितलं?

मी तीन दिवस डोकं खाजवतो आहे. वर्षाराणीला विचारलं, तिला काही माहीत नाही. त्या दिवशी शेतात मी एकटा होतो. मग तुला कळलं कसं?

आता लपवण्यात अर्थ नाही. यंदा आत्याचे गुडघे धरले आहेत. घरटं तिनं पाहिलं असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. तिनं मला पाठवलं. नीट बजावून पाठवलं की जवळ जाऊन बघ, खळगा आहे का, टिटवी बसलेली आहे का, अंड्यांची टोकं कोणीकडे आहेत. मी रस्त्यावर गाडी चालू ठेवूनच पाहिलं. रस्त्यालगतच्या बांधावर खड्यांच्या गोलात चार अंडी दिसली आणि मी निघालो. मला बी-बियाण्याच्या दुकानात जायचं होतं. घरी आत्यानं एकेक गोष्ट विचारली आणि मी प्रत्येकीला हो म्हणालो. टिटवी बसली होती का? बसली होती. तिथं टिटवी नव्हतीच, रऊफ.

शिवाय तुझं बावीस तारखेचं पत्र माझ्या खिशात होतं. त्यात तू नाला लिहिला होतास. मी ते वाचलं आणि पुढं गेलो.

पारावर सगळे हसले तेव्हा मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोलायचं होतं. बोललो असतो तर हसू माझ्यावर आलं असतं आणि ती ओट्यावर बसलेली असती. साठ वर्षांचा बाप्या मी, आणि म्हातारीच्या आड लपलो.

कथा चांगली आहे. ती छापू नको असं मी म्हणू शकत नाही. फक्त दिवाळीपर्यंत ती कोणाला दाखवू नको. तोवर मी स्वतः गावात सांगायची हिंमत करतो.

मारोती

*

मानोरा,
२५ जुलै

प्रिय मारोती,

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो भाचा मी मनानं रचला. दोष ठेवायला मला एक माणूस हवा होता आणि तो मी सोडून दुसरा कोणीही चालला असता. तो तू निघालास. तुझं पत्र मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं.

अंडी बांधावर मी ठेवली.

त्या रविवारी तू डिझेल आणायला गेलास तेव्हा घरटं नाल्यात होतं. रेतीत, खळग्यात, चार अंडी. तू म्हणाला होतास की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार. मला वाटलं की चाकाखाली चारही जातील. म्हणून रुमालात घेऊन बांधावर ठेवली. अंडी वाचवावीत एवढंच मनात होतं. त्या जागेवरून गाव पेरणी ठरवतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं आणि ते पत्र हातात पडलं तोवर मृगाचा दिवस उलटून गेला होता. नाहीतर मी तसाच पळत आलो असतो.

त्यानंतर मात्र मी गप्प राहिलो. त्याची लाज वाटते. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसतात हे वाचूनही मी तुला कथा पाठवली, त्याची जास्त वाटते. अंकाला आज पत्र टाकलं आहे की कथा छापू नका. हाजराबीला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढून ठेवलं आणि बहिणीकडे निघून गेली.

हे पत्र आत्याबाईंना वाचून दाखव. त्या म्हणतील ते मी करीन.

रऊफ

*

इंझोरी,
१ ऑगस्ट

रऊफ,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला नाही. आधी हायसं वाटलं की आता सगळं तुझ्यावर जाईल. मग त्याचीच लाज वाटली आणि राग त्यानंतर आला. चार दिवस तुला शिव्या देत होतो, मनातल्या मनात, कारण मोठ्यानं दिल्या तर वर्षाराणी कारण विचारणार.

काल आत्याला पत्र वाचून दाखवलं. फक्त तुझं. माझं मी अजून तिला सांगितलेलं नाही, तेवढं धैर्य काही झालं नाही. ती भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "नाल्यात होतं म्हन्ते ना तो?" मी म्हटलं, हो. मग ती वळली. महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "त्याले ये म्हना. पारावर सांग म्हना, सगळ्याईसमोर."

मी तिला समजावलं. लोकांचं डोकं तापलेलं आहे, त्यात तू बाहेरगावचा. कोण काय बोलेल, कोण काय अर्थ काढेल, आजकाल सांगता येत नाही. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली की तिलाही त्यांच्यासमोरच बसावं लागलं होतं.

रविवारी ये. मी बसथांब्यावर उभा राहीन आणि शेवटपर्यंत तुझ्या शेजारी उभा राहीन. त्याहून जास्त मी काही कबूल करत नाही.

मारोती

*

मानोरा,
८ ऑगस्ट

प्रयागआत्याबाई, सलाम.

हे पत्र तुमच्या नावानं आहे, पण ते तुम्हाला एकटीला ऐकवायचं नाही. मारोती, हे पारावर वाच. जेवढी माणसं रविवारी होती तेवढी गोळा कर, दौलतसिंगसुद्धा. त्याआधी घरात वाचू नको.

रविवारी मी आलो, बोललो आणि सगळं सोपं झालं. येताना बसमध्ये मी चार साधी वाक्यं पाठ करत होतो. पण बोलायला लागलो आणि माझी जुनी सवय जागी झाली. मी पाण्याशिवाय सुकलेल्या नाल्याचं वर्णन केलं. टिटवी माझ्या डोक्यावर कशी घिरट्या घालत होती ते हातवारे करून दाखवलं. ट्रॅक्टरचं चाक आणि त्याखाली येणारी चार अंडी मी अशी सांगितली की समोर बसलेल्या पंचफुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. माणसं आधी गंभीर होती, मग हसली, मग माझी कीव करायला लागली. शहरातल्या माणसाला काय समजते, असं कोणीतरी म्हणालं. दौलतसिंगनं मला चहा आणून दिला. पाखराचा जीव वाचवायला गेलेला भोळा माणूस म्हणून मी तिथं उभा होतो आणि मला ते आवडत होतं. हे लिहितानाही कान तापतात.

मग तुम्ही बोललात. तुम्ही हळूच बोललात, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नसेल. "लय चांगलं सांगतलं, बाबू. आता खरं सांग."

बसची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. बसला अजून पाऊण तास होता.

खरं असं आहे. नाल्याच्या रेतीत कोणी ट्रॅक्टर घालत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मारोतीला माहीत आहे आणि इतकं मलाही माहीत होतं. माझी कथा अडली होती. टिटवी अंडी ओळखते की जागा, एवढं मला बघायचं होतं. मी तिला हुसकून उठवलं. अंडी रुमालात घेतली तेव्हा ती गरम होती. अठरा पावलं चालून बांधावर ठेवली. खडे वेचून भोवती लावले, म्हणजे घरट्यासारखं दिसावं. ती ओरडत नाल्यात उतरायची आणि रिकाम्या खळग्याभोवती फिरायची, पुन्हा उडायची. मी पाच मिनिटं पाहिलं असेल. मग बसचा हॉर्न ऐकू आला. ती अंड्यांवर आली का, हे बघायलाही मी थांबलो नाही. परत नेऊन ठेवायला अठरा पावलंच होती.

घरी जाऊन मी लिहिलं की टिटवी मागोमाग आली आणि पंख पसरून अंड्यांवर बसली. ते वाक्य मला फार आवडलं होतं. अंडी सडली असं मारोतीनं कळवलं तेव्हा मी ते वाक्य डायरीतून खोडलं.

दुसरं. मारोतीचं पत्र मला तीन जूनलाच मिळालं होतं. पोस्टमनचा काही दोष नाही. मृगाला पाच दिवस होते. मानोऱ्याहून इंझोरीला रोज बस येते. मी रोज सकाळी ठरवायचो की आज जाऊ, आणि दुकान उघडायचो. आपण गेलो तर लोक हसतील, एवढंच भय होतं. शेवटी हसले ते तुम्हाला.

टिटवीनं बरोबर जागा निवडली होती. ती जागा तुमच्यापर्यंत पोहोचली असती तर तुम्ही बरोबरच सांगितलं असतं. अकरा घरांची मुरमाड गेली ती माझ्यामुळे. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही.

हे मी पहिल्यांदाच असं लिहितो आहे की वाचून कोणाला आवडेल का, याचा विचार मनात नाही. माफी मागायला मी पुन्हा येईन, पण तुम्ही बोलावलंत तरच.

रऊफ

*

इंझोरी,
१५ ऑगस्ट

रऊफ,

आज सकाळी शाळेत झेंडा झाला आणि लोक आयतेच जमले होते. तू सांगितलं होतंस तसं मी पत्र आधी घरात वाचलं नाही. म्हणजे आत्याला ऐकवलं नाही. मी स्वतः चार वेळा वाचलं.

वर्षाराणीनं आत्याला धरून आणलं. वाटेत दोन पोरं टिटवीसारखी ओरडली. ती थांबली नाही. पारावर खुर्ची टाकली तर ती खुर्चीवर बसली नाही, खाली आपल्या नेहमीच्या जागी बसली.

मी वाचायला सुरुवात केली. यावेळी कोणी हसलं नाही आणि कोणी चहाही आणला नाही. अठरा पावलांशी मी आलो तेव्हा मागची माणसं पुढं सरकली. पाच दिवसांचं वाचलं तेव्हा कोणीतरी तुला आईवरून शिवी दिली. ती कोणी दिली ते मी सांगणार नाही. तुझ्या वाट्याची होती, म्हणून कळवली. दौलतसिंग खाली बघत होता. तसाच म्हणाला, "मंग टिटवी बराबर होती." आत्या म्हणाली, "होती." दौलतसिंग उठला आणि तिच्या पायाशी वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत.

आता पुढचं ऐक. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, यात दुसऱ्या कोणाची चूक नाही. ती तू माझ्यासाठी लिहिलीस हे मला कळलं. मी ती वाचली आणि पुढची उरलेली एक-दोन वाक्यंही वाचून टाकली. पत्र संपलं. सगळे उठायला लागले. मला फक्त कागदाची घडी घालायची होती आणि मी सुटलो असतो.

मी घडी घातली नाही. कागद तसाच डोळ्यांसमोर धरला आणि पुढं वाचायला लागलो. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. मी वाचलं की आत्यानं ज्याला घरटं बघायला पाठवलं होतं, तो जवळ गेलाच नाही. गाडीवरूनच पाहून आला. टिटवी बसलेली नव्हती आणि तो बसलेली आहे म्हणाला. गाव हसत होतं तेव्हा तो तिथंच उभा होता. हे सगळं मी तुझं म्हणून वाचत होतो, कागदावर बोट फिरवत. उभ्या आयुष्यात मी काही रचलं नाही. रचलं ते हे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

आत्याला अक्षर कळत नाही. पण तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हे त्यानं नाही लिवलं. हे तू बोलून राह्यला."

मी हो म्हणालो.

"मंग कागद खाली ठेव," ती म्हणाली.

मी कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं.

तुझा,
मारोती